गाय भरवताना शेतकरी नेमकं काय बघतो

प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातल्या एका तरुण दूध उत्पादकाचा आहे. घरी चार संकरित गाई, दोन म्हशी, आणि गोठ्याचा कारभार नुकताच हातात आलेला. त्यांचं म्हणणं असं: लोक फक्त आजचं दूध बघतात, पुढची पिढी कुणी बघत नाही. गाय माजावर आली की ती भरवायला, म्हणजे गाभण करायला, डॉक्टर आणेल ती वळूच्या गोठवलेल्या रेताची कांडी भरायची, वळूचा नंबरसुद्धा विचारायचा नाही. चांगली कालवड विकायची आणि म्हैस हरियाणातून आणायची. वडिलांनी दावणीची सगळ्यात चांगली, पहिल्या वेताची गाय दिवाळीआधी विकून टाकली. अशानं जात सुधारणार कशी? लोकांना कळत नाही, की कळूनही ते करत नाहीत?

कळतं. करत नाहीत, त्याला कारण आहे. करवीर, कागल आणि भुदरगड या तालुक्यांत पशुवैद्य म्हणून माझी नोकरी गेली, त्या अनुभवावरून सांगतो. गाय भरवण्यामागे दोन हेतू असतात. ती गाभण राहावी, व्यावी आणि पुन्हा दूध सुरू व्हावं, हा एक. पोटी येणारं वासरू आईपेक्षा सरस निघावं, हा दुसरा. पुस्तकात दुसऱ्यावर भर असतो. गोठ्यात पहिल्याची निकड एवढी असते की दुसऱ्याचा विचार करायला उसंतच मिळत नाही. यामागे पैशाचा हिशेब आहे आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. वडिलांवर रागवण्याआधी तो एकदा कागदावर मांडून बघा.

गाईचा गाभणकाळ नऊ महिने नऊ दिवस. वर्षाला एक वेत हवं असेल तर व्यायल्यापासून ८५-९० दिवसांत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. त्यातला पहिला दीड-दोन महिना गर्भाशय पूर्ववत व्हायला जातो. हातात उरतो एखादा माज, फार तर दोन. एक चुकला किंवा भरवूनही गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, की पुढची संधी २१ दिवसांनी. तेवढं पुढचं व्यायणं लांबतं आणि भाकड काळ वाढतो. भाकड गाईचा वैरण-पेंडीचा खर्च रोज १५० ते २०० रुपये धरला तर एका चुकलेल्या माजाची किंमत तीन ते चार हजार रुपये होते. हे पैसे याच वर्षी, याच गोठ्यातून जातात आणि घरातल्या प्रत्येकाला ते दिसतात.

आता चांगल्या वळूचा हिशेब. समजा एका वळूचं पैदासमूल्य, म्हणजे त्याच्या रक्तातल्या दुधाच्या गुणाचं माप, सरासरीपेक्षा ६०० लिटरने जास्त आहे. मुलीला बापाकडून निम्माच वारसा मिळतो, म्हणजे तिचं दूध वेताला ३०० लिटरने वाढेल. जादा दुधासाठी जादा पेंडही लागते. ती वजा करून लिटरमागे १५ रुपये हातात राहिले तर एका वेताला साडेचार हजार, तीन वेतांत साडेतेरा हजार. पण दहा कांड्या भरल्या तर गाभण राहतात साधारण चार गाई. त्यातल्या दोघींना कालवडी होतील. मरतुक आणि वांझपणा धरला तर दुधावर पोचते सरासरी दीड कालवड. म्हणजे दहा कांड्यांमागे वीस हजार, एका कांडीमागे दोन हजार. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या गोठ्याचे घालून बघा. चित्र फारसं बदलत नाही.

दोन हजार ही रक्कम काही लहान नाही. साध्या कांडीऐवजी २००-३०० रुपये जास्त मोजून सिद्ध वळूची, म्हणजे ज्याच्या मुलींचं दूध मोजून चांगलं ठरलं आहे अशाची, कांडी घेतली तरी ती सहज परवडते. पण पैसे सुरू व्हायला नऊ महिने गाभणकाळाचे आणि २८ ते ३० महिने कालवड वाढवण्याचे, म्हणजे सव्वातीन वर्षं थांबावं लागतं. आणि ती कालवड तिसऱ्या वेतापर्यंत तुमच्याच दावणीला राहिली तरच हे पैसे तुमचे. तीन महिन्यांची असताना विकली तर तुमच्या पदरात काहीच पडत नाही.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. चुकलेला माज, तीन-चार हजार, आजचे आणि नक्की. चांगला वळू, दोन हजार, सव्वातीन वर्षांनंतरचे आणि कदाचित दुसऱ्याचे. म्हणून गावात वळूचा नंबर कुणी विचारत नाही. कुणाच्या हाताला यश आहे, ते विचारतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी वेळेवर येणारा, कांड्या गोठवून ठेवायच्या कंटेनरमधल्या नायट्रोजनची पातळी सांभाळणारा, कांडी ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून मगच भरणारा रेतन सेवक असेल तर लोक फोन त्यालाच करतात, कांडी कुठल्याही वळूची असो. मला यात चूक दिसत नाही. पुढचा विचार गाय गाभण राहिल्यावरच सुरू होतो.

चूक दिसते ती पुढच्या पायरीवर. हाताला यश असलेल्या त्याच सेवकाच्या कंटेनरमध्ये अनेकदा दोन-तीन वळूंच्या कांड्या असतात. त्यातली कुठली भरायची हे विचारायला पैसे लागत नाहीत. भरल्यावर कांडीवरचा नंबर वहीत उतरवायलाही लागत नाहीत. तरी दोन्ही होत नाही. इथे नफ्याची अडचण सांगता येणार नाही. ही नुसती सवय आहे, आणि ती पुढे फार महाग पडते.

कालवड का ठेवत नाहीत, याचं उत्तरही हिशेबात आहे. ३० महिने म्हणजे ९०० दिवस. रोज ८० रुपये धरले तर व्यायल्याच्या दिवशी तिच्यावर ७२ हजार खर्च झालेले असतात, आणि त्या काळात तिने एक लिटर दूध दिलेलं नसतं. तेवढ्याच पैशांत, थोडे वरखाली करून, बाजारातून दुसऱ्या वेताची व्यालेली गाय आणता येते आणि तिचं दूध दुसऱ्या दिवशी दूध संस्थेत जातं. शिवाय जागा. दावण चार जनावरांची असेल तर त्यातली एक जागा अडीच वर्षं बिनदुधाच्या जनावराला द्यायची का? वैरण बेताची असेल तर प्रश्न आणखी अवघड. ऊसपट्ट्यात तोडणीच्या दिवसांत वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा, ढीग पडतो. मे-जूनमध्ये हिरव्या पेंढीसाठी पायपीट करावी लागते.

ऊसपट्ट्यातल्या पैशाची चालही लक्षात घ्या. आडसाली ऊस दीड वर्षाने तुटतो, बिल त्यानंतर येतं. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी येतं आणि दिवाळीला फरक, म्हणजे दराची वाढीव रक्कम, मिळतो. किराणा, शाळेची फी, मजुरी, दवाखाना हे सगळं दहा दिवसांच्या बिलावर चालतं. ज्या घराचा संसार दहा दिवसांच्या मापाने चालतो त्या घराला सव्वातीन वर्षांची गुंतवणूक करायला सांगणं सोपं आहे, करणं सोपं नाही. आणि एकदम मोठी रक्कम लागली की दावणीला हात जातो. तिथे कुठलं जनावर विकलं जातं? चांगलंच. पेठ वडगावच्या बाजारात हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, कास बघतो, सडांची ठेवण बघतो, दात बघून वेत ठरवतो, दोन वेळा धार काढून बघतो. उलटणाऱ्या गाईला किंवा दगडी (कासेचा दाह) होऊन एक सड गेलेल्या गाईला तिथे कुणी विचारत नाही. नुकती व्यालेली, पहिल्या वेताची, पंधरा-सोळा लिटरची गाय तासाभरात जाते. तुमच्या वडिलांनी विकली ती अशीच. घराला पैसे लागले तेव्हा ज्या जनावराचे पैसे होत होते ते गेलं. ती गाय जिल्ह्यातून नाहीशी झाली नाही, दुसऱ्या कुणाच्या दावणीला आज दूध देते आहे. हरवली ती तिची माहिती. तिचा बाप कोण, आईचं दूध किती, ती कितव्या महिन्यात पहिल्यांदा माजावर आली, हे घेणाऱ्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. बाजार कासेला पैसे देतो, वंशावळीला देत नाही. त्यामुळे वंशावळीवर कुणी खर्च करत नाही.

म्हशीची गोष्ट याहून कठीण आहे. आपल्याकडे दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांवर) ठरतो. गाईच्या दुधाचा पाया ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीचा ६ आणि ९. म्हशीच्या दुधाला दर बराच जास्त मिळतो आणि कोल्हापूरची ओळखही म्हशीच्या दुधाचीच. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाने परराज्यातून म्हशी आणायला अनुदानाच्या योजना काढल्या त्या याच कारणाने. लोक हरियाणात रोहतक, हिसार, जिंदकडे जातात आणि मुऱ्हा जातीच्या म्हशी घेऊन येतात. घरची पारडी वाढवली तर ती व्यायला साडेतीन-चार वर्षं लागतात. म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण राहते, उन्हाळ्यात माज दाखवत नाही, कृत्रिम रेतनाला गाईइतकी साथ देत नाही. साडेतीन वर्षं पारडीला पोसण्यापेक्षा ट्रकमधून तयार म्हैस उतरवून घेणं घराला सोपं वाटतं.

मला यात जे खुपतं ते सांगतो. म्हैस विकत आणण्यात काही वाईट नाही. पण तिच्याबरोबर आलेल्या किंवा इथे झालेल्या पारडीची जी आबाळ होते ती मी कधीच मान्य केली नाही. पारडी दूध पिते, ते दूध संस्थेला गेलं तर पैसे होतात, म्हणून तिला पोटभर पाजत नाहीत. पहिला चीक वेळेवर मिळत नाही. पारडांना गोल जंत आईच्या दुधातूनच जातात, त्यासाठी दहाव्या ते पंधराव्या दिवशी जंताचं औषध द्यावं लागतं. तेही राहून जातं. महिनाभरात पारडी खंगते आणि मरते. मग म्हैस पान्हा चोरते, दूध उतरत नाही, आणि सव्वा-दीड लाखाची म्हैस चार महिन्यांत अर्ध्यावर येते. पारडीला पाजलेलं दूध वाचवल्याचा हिशेब घालणाऱ्याने हा खर्च त्यात धरलेलाच नसतो. मुंबईच्या तबेल्यांबद्दल जाणकार पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले: उत्तरेतल्या उत्तम म्हशी तिथे यायच्या, एक वेत दूध काढलं जायचं, पुन्हा भरवायची तसदी न घेता त्या कत्तलखान्यात जायच्या आणि पारडं आधीच मेलेली असायची. तेवढं रक्त प्रत्येक वेळी कायमचं संपायचं. आपली छोटी गोठेदारी त्या वाटेला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

गाय की म्हैस, या निवडीत कायद्याचाही भाग आहे. राज्याच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्ग या बंदीत येत नाही. त्यामुळे भाकड म्हशीला आणि रेड्याला बाजारात किंमत राहिली. संकरित खोंडाला मात्र शेतकऱ्याच्या लेखी काहीच किंमत उरली नाही. तो औताला चालत नाही, उन्हात धापा टाकतो, आणि ट्रॅक्टर आल्यावर बैल हवेतच किती? चार गाईंपैकी दोघींना खोंड झाले तर त्यांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. सॉर्टेड, म्हणजे मादी होणारे शुक्राणू निवडून काढलेल्या कांडीला एवढी मागणी आली ती यामुळेच. तिच्यात ९० टक्के मादी होण्याची शक्यता असते. देशी तंत्रज्ञान आल्यापासून ती पूर्वीच्या मानाने स्वस्तही झाली आहे. पण साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात आणि सॉर्टेड कांडीत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून ती तरण्या, निरोगी कालवडीला पहिल्या माजाला भरावी. तीनदा उलटलेल्या गाईला भरली तर पैसे आणि माज दोन्ही वाया जातात.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याला मी हरकत घेतो. पुढची पिढी कुणी बघत नाही, असं तुम्ही म्हणता. कोल्हापूर शहरातल्या गवळ्यांच्या पंढरपुरी म्हशी जवळून बघा. खांद्याच्या मागे जाणारी तलवारीसारखी शिंगं, सडपातळ अंग, वेताला दीड ते पावणेदोन हजार लिटर दूध. मुऱ्ह्याच्या शेजारी उभी केली तर दुधात ती मागे पडते. तरी तालमींच्या या शहरात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. गवळी म्हैस घेऊन कट्ट्यावर यायचा, गिऱ्हाईकासमोर धार काढायचा, पैलवान आणि घरची पोरं तिथेच उभ्याने धारोष्ण दूध प्यायची. ही चाल आता कमी झाली, पण ज्या काळात ती जोरात होती त्या काळाने ही म्हैस घडवली. गवळ्याला कसली म्हैस हवी होती? रहदारीत बिथरणार नाही अशी. रोज चालून थकणार नाही अशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका ठिकाणी लिटरभर, पुढच्या गल्लीत लिटरभर, असा थांबत थांबत पान्हा सोडणारी. बहुतेक म्हशी हे करत नाहीत. जागा बदलली, माणूस बदलला की दूध चढवून धरतात. पंढरपुरी म्हैस करते, कारण न करणाऱ्या म्हशीची पारडी गवळ्याने ठेवली नाही आणि करणारीची ठेवली. त्याला कुणी आनुवंशशास्त्र शिकवलं नव्हतं. गिऱ्हाईक त्या गुणाचे पैसे रोज रोख देत होतं, एवढं पुरेसं होतं. दिवाळी पाडव्याला म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मिरवतात तेव्हा शिंगांची लांबी आणि म्हशीचा मालकाशी असलेला लळा सगळ्या गल्लीसमोर जोखला जातो. तोही निवडीचाच भाग. राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात पंढरपुरीसाठी वंशावळ निवडीचा कार्यक्रम घेतला गेला, त्याआधी हे काम गवळ्यांनीच केलेलं आहे.

खिलार जातीच्या बैलांचंही तसंच. बैलगाडा शर्यतीच्या खोंडाला लाखात भाव येतो, त्यामुळे खिलार पाळणारा माणूस वळूची वंशावळ तोंडपाठ सांगतो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा शर्यतीचा कायदा वैध ठरवल्यावर ही चढाओढ वाढली. माझी काळजी एवढीच की सगळी निवड वेगावर आणि दिसण्यावर होते, गाईच्या बाजूने कुणी बघत नाही. खोंडाला पुरेल एवढं दूध, नियमित वेत, शांत स्वभाव या गोष्टी आईकडून येतात आणि त्या हळूहळू सुटत चालल्या आहेत.

थोडक्यात, ज्या गुणाचे पैसे मिळतात त्या गुणासाठी शेतकरी निवड करतो आणि फार बारकाईने करतो. संकरित गाईत आपण पैसे देतो लिटरला आणि फॅटला. किती वेतं टिकली, किती माजांत गाभण राहिली, गोचीड तापाला किती वेळा बळी पडली, याचे पैसे कुठल्याच बिलात येत नाहीत. दूध स्पर्धेत एका दिवसाचं दूध मोजतात. तीन वेतांत दमून गेलेली ३० लिटरची गाय तिथे जिंकते. सात वेतं देणारी १४ लिटरची गाय नाव नोंदवायलाही कुणी नेत नाही, जरी घराला तिनेच जास्त पैसे दिलेले असले तरी.

सुधारणा म्हणजे नेमकं काय, हेही समजून घ्यायला हवं, कारण चार गाईंच्या गोठ्यात ती निवडीतून होत नाही. दुधातला गाई-गाईंमधला जो फरक दिसतो त्यातला साधारण पंचवीस ते तीस टक्के भागच रक्तातून येतो, बाकीचा चारा, पाणी, देखभाल आणि रोगराईचा. फॅटच्या टक्केवारीत रक्ताचा वाटा निम्म्याच्या आसपास. गाभण राहण्याच्या गुणात तो पाच टक्क्यांहूनही कमी. म्हणजे गाय उलटते म्हणून वळू बदलून उपयोग नाही, तिथे खनिज मिश्रण आणि माज ओळखणारा डोळा लागतो. पण दूध आणि फॅट वळूमुळे नक्की बदलतात. चार गाईंत वर्षाला दोन कालवडी होतात, त्यांच्यातून निवडायचं तरी काय? खरी निवड वळूंमध्ये होते, कारण एका वळूच्या हजारो कांड्या निघतात. वळू चांगला आहे हे कळायला पूर्वी त्याच्या मुली व्यायची वाट बघावी लागे. वळू जन्मल्यापासून मुलींचं दूध मोजून होईपर्यंत सहा-सात वर्षं जातात. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टिन या जास्त दुधाच्या परदेशी जातीच्या वळूंची निवड जनुकीय चाचणीवर अधिकृतपणे सुरू झाली आणि ही वाट बघणं संपलं. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमच्या कार्यक्रमात अशाच चाचणीच्या, गाईंसाठी गौ चिप आणि म्हशींसाठी महिष चिप यांचं लोकार्पण झालं. पण चिप नुसती रक्त वाचते. कुठलं रक्त चांगलं, हे तिला आधी हजारो गाई-म्हशींच्या मोजलेल्या दुधावरून शिकवावं लागतं. ते मोजमाप तुमच्या-माझ्या गावातून गेलं नाही तर इथल्या हवामानात, इथल्या वाड्यावर आणि कडब्यावर कुठला वळू चालतो ते कुणालाच कळणार नाही. कानातल्या बारा आकडी बिल्ल्याकडे लोक सरकारी कटकट म्हणून बघतात. मला तो या सगळ्यातला सर्वांत उपयोगी तुकडा वाटतो, मात्र त्या नंबरापुढे बाप आणि दूध लिहिलं गेलं तर.

संकरित रक्ताचंही सांगतो, कारण सुधारणेच्या नावाखाली इथे नुकसान झालेलं मी बघितलं आहे. देशी गाईला शुद्ध होल्स्टिनची कांडी भरली की ५० टक्क्यांची गाय होते. दोन जाती लांबच्या असल्याने या पहिल्या पिढीत जोम भरपूर येतो. लोक खूश होतात आणि पुन्हा शुद्ध होल्स्टिन भरतात. ७५ टक्के. पुन्हा तेच. ८७.५ टक्के. दूध थोडं वाढतं, पण शिरोळ-हातकणंगल्याच्या एप्रिलमध्ये ही गाय दुपारभर धापा टाकते, माज दाखवत नाही, आणि गगनबावड्याच्या पावसात खुरं आणि गोचीड तिला सोडत नाहीत. थायलेरिया (गोचिडांमुळे होणारा ताप) झाला तर देशी गाय बहुतेक वेळा सावरते, ही अनेकदा दगावते. पंखा, फॉगर, मुक्त गोठा, मुरघास आणि वेळेवर डॉक्टर असेल तर ८७ टक्क्यांची गाय पाळा. पत्र्याच्या शेडमध्ये, उसाच्या वाड्यावर ५० ते ७५ च्या मधली गाय घराला जास्त पैसे देते. ७५ च्या गाईला ५० टक्के संकरित वळूची कांडी भरली की वासरू साडेबासष्टवर येतं. गोठ्याची ऐपत आणि गाईचं रक्त यांचा मेळ बसवणं हीसुद्धा पैदाशीतली सुधारणाच आहे.

तुमच्या सहा जनावरांपुरतं बोलायचं तर मी असं करीन. चारही गाईंना एकच कांडी भरणार नाही. ज्या दोन गाई वेळेवर गाभण राहतात आणि ज्यांची कास चांगली आहे त्यांना सिद्ध वळूची कांडी, आणि त्यांच्याच कालवडी ठेवीन. वर्षाला एक कालवड ठेवली तरी चार गाईंच्या गोठ्याला पुरते, मात्र एका वेळी दावणीच्या दोन-तीन जागा अडतात, आणि प्रत्येकीच्या ७२ हजारांचा बोजा अडीच वर्षांवर पसरतो. उरलेल्या दोघींना फक्त गाभण ठेवायचं, त्यांची वासरं विकायची, वळूवर जादा पैसे घालायचे नाहीत. घरच्या कालवडीचा एक फायदा हिशेबात कधी धरला जात नाही: ती बाहेरून रोग आणत नाही. विकत आणलेल्या गाईबरोबर ब्रुसेला (गर्भपात घडवणारा रोग) किंवा दगडी आली की पूर्ण दावण भोगते.

म्हशींपैकी एकीची पारडी नीट वाढवा. पहिल्या दोन तासांत चीक, पंधरा दिवसांच्या आत जंताचं औषध, तीन महिने वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध. म्हैस सप्टेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान भरवायचं बघा, माज तेव्हा स्पष्ट असतो. गावच्या रेड्याकडे नेण्याची वेळ आली तर त्याच्या आईचं दूध विचारा, आणि तुमची म्हैस त्याचीच मुलगी नाही ना ते आधी तपासा. बाप-मुलीच्या मिलनातून येणारं पारडू अशक्त निघण्याचा धोका मोठा असतो आणि एकाच गावात पाच-सहा वर्षं एकच रेडा राहिला की हे नकळत घडतं.

वडिलांशी वाद घालताना जातीच्या भवितव्याचं बोलू नका, त्यांना ते पटणार नाही आणि त्यांना दोष देण्यात अर्थही नाही. वही दाखवा. प्रत्येक गाईपुढे व्यायल्याची तारीख, भरवल्याची तारीख, वळूचा नंबर, गाभण तपासणीचा निकाल, आणि महिन्यातून एकदा दोन्ही वेळचं मोजलेलं दूध. दोन वर्षांत कुठली गाय घर चालवते आणि कुठली नुसती खाते हे त्यांनाच दिसेल. पुढच्या वेळी विकायची वेळ आली तर नेमकी कुठली विकायची यावर तरी तुमचं एकमत होईल. आणि चांगली विकावीच लागली तर वहीचं पान झेरॉक्स करून गिऱ्हाईकाला द्या, त्याचे दोन-चार हजार जास्त मागा. सुरुवातीला हेडी हसेल. थेट शेतकरी गिऱ्हाईक आला तर देतो, असं मी होताना पाहिलं आहे.

राहिला प्रश्न गावाचा. चार-सहा जनावरांचा गोठा एकट्याने जात सुधारू शकत नाही, पण तुमच्या दूध संस्थेकडे दोन-तीनशे जनावरं असतील आणि तेवढी पुरतात. वार्षिक सभेत फक्त दराचा आणि फरकाचा विषय निघतो. तिथे तीन मागण्या करता येतील. रेतन सेवकाला कांडीमागे मिळणाऱ्या पैशांबरोबर गाभण ठरलेल्या गाईमागेही काही द्यावं. संस्थेच्या कंटेनरमध्ये कुठल्या वळूंच्या कांड्या आहेत ते त्यांच्या मुलींच्या दुधासह फळ्यावर लावावं. आणि फरकाच्या रकमेतला थोडा भाग बापाची आणि आईच्या दुधाची नोंद असलेली कालवड किंवा पारडी पहिल्यांदा व्यायली की तिच्या मालकाला द्यावा, ती त्याने घरी ठेवलेली असो वा गावातच दुसऱ्या सभासदाला विकलेली असो. ही तिसरी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण सव्वातीन वर्षं थांबणाऱ्याला आज आपल्याकडे कुणीच पैसे देत नाही.